तळ्याकाठचे नऊ दिवस

वाळवंटात तळं असतं, त्याच्या काठी झाडं असतात आणि त्या झाडांजवळ आम्ही तंबू ठोकून राहिलो होतो, असं मी सांगितलं की माझ्या दोन्ही नाती एकमेकींकडं बघतात. मोठी काही बोलत नाही, ती वळणाची आहे. धाकटी मात्र फोनमधली मान न उचलता म्हणते, "दादी, देअर आर नो लेक्स इन कुवेत." अब्बासियातल्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या पोरीला मी काय पटवणार! गेल्या खेपेला मुलाकडं आले तेव्हा त्याच्या मागं लागून एका शुक्रवारी गाडी काढायला लावली. सुलैबियाच्याही पुढं गेलो. गोदामं, मालमोटारी, विजेचे खांब आणि जिथं यातलं काहीच नव्हतं तिथं तारेचं कुंपण. मुलगा दर दहा मिनिटांनी विचारी, "इथं का, मां?" मी म्हणे, "नाही, अजून पुढं." शेवटी कंटाळून त्यानं गाडी वळवली. तळं होतं एवढं खरं. आम्ही तिथं नऊ दिवस होतो. गेलो तेव्हा सहाजण होतो, परतलो तेव्हा पाच.

माझे अब्बा एका कुवेती व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकी होते. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो, त्याचं खरं नाव घ्यायची आम्हा मुलांना हिंमतच नव्हती. त्याच्या मोठ्या घराच्या मागच्या अंगणात, बकऱ्यांच्या गोठ्याला लागून आमची एक खोली होती. मातीच्या भिंती, वर समुद्रापारहून येणाऱ्या काळ्या वाशांचं छप्पर, त्यावर चटया आणि चटयांवर मातीचा थर. बाणकोटच्या खाडीकाठचं आमचं कौलारू घर सोडून आलेल्या मांला हे सपाट छप्पर कधी रुचलं नाही. "डोक्यावर जमीन घेऊन झोपायचं," ती म्हणायची. सकाळी पाण्याची गाडी यायची, तिचा भोंगा वाजला की सगळ्या अंगणातून डबे घेऊन बायका धावायच्या. अब्बांच्या स्वयंपाकघरातून दिवसभर वेलची, सुकं लिंबू आणि मटणाचा वास. आमच्या चुलीवर मात्र तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण. तो बांगडा भाजला की अरबाबच्या घरच्या बायका नाकाला ओढणी लावायच्या आणि वरून विचारायच्या, काय मेलं तिकडं? मी अंगणातल्या त्यांच्या मुलींबरोबर खेळून अरबी शिकले होते. दोन वर्षांत अशी फडाफडा बोलायचे की मांला काही हवं असलं, कुणाला काही सांगायचं असलं, की मलाच हाक. अकरा वर्षांची मी, आणि मला वाटायचं, हे घर माझ्या जिभेवर चाललंय. त्याचा मला फार तोरा होता.

मांला दिवस गेले तेव्हा अब्बांनी गावाहून आपल्या बहिणीला, आमच्या आयशा फुफीला बोलावून घेतलं. फुफी विधवा होती, पोटी मूल नव्हतं, पण खाडीच्या दोन्ही काठांवरची निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मली होती. बाळंतपण काढावं तर आयशाबीनंच, असा तिचा लौकिक. लग्नघरात नवरीच्या आईआधी तिला पाट मिळायचा. आगबोटीतून ती उतरली ती पत्र्याची एक पेटी छातीशी धरून, आणि कस्टमच्या माणसाला काही केल्या ती पेटी उघडू देईना. मी मध्ये पडून अरबीत समजावलं तेव्हा कुठं तिनं कुलूप काढलं. आत सोन्याची वीट असावी असा आव, आणि निघालं काय? ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, हळीव, सुंठ, लसणीच्या माळा आणि खोबऱ्याच्या वाट्या. कस्टमच्या माणसानं ओवा हुंगला आणि दोनदा शिंकला. फुफी म्हणाली, "घे, तुजाही कफ मोकळा झाला." तिचं हसणं मोठं होतं, गोठ्यातल्या बकऱ्या बिचकायच्या. ते हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

बहीण झाली. नाव ठेवलं सकीना. फुफीनं खोलीचा ताबा घेतला. चाळीस दिवस बाळंतिणीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, गार पाण्याला बोट लावायचं नाही, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे वारा. "बालंतनीला वारा लागला तं जन्माची गेली ती," हे वाक्य दिवसातून दहादा. वाऱ्यानं बाळंतरोग होतो, वाऱ्यानं दूध आटतं, वाऱ्यानं डोकं फिरतं. कापसाच्या बोळ्यांनी मांचे कान बंद, डोक्याला फडकं करकचून. रोज सकाळी अंग रगडून कढत पाण्याचं न्हाणं, आणि न्हाण्यानंतर शेक. काथ्याच्या बाजेवर मां बाळाला घेऊन झोपायची, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं, आणि धग वाया जाऊ नये म्हणून बाजेच्या चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेल्या गोधड्या. खोलीत कडवट गोडसा धूर भरायचा. गावी कौलांच्या फटींतून तो निघून जाई, इथं दाराच्या फळ्यांमधून आणि छपराच्या भोकातून. फुफीनं कधी त्या फटींचे आभार मानले नसतील. कुणी मानतं का?

सकीना सतरा-अठरा दिवसांची असताना पाऊस आला. कुवेतचा पाऊस म्हणजे वर्षभर नाही आणि येतो तेव्हा हिशेब चुकता करायला येतो. दोन दिवस आणि दोन रात्री पडला. मातीचं छप्पर पाणी प्यायलं, फुगलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्याकडून खाली बसलं. कुणाला लागलं नाही. मां बाळाला घेऊन स्वयंपाकघरात पळाली, फुफीनं आधी पेटी उचलली आणि मग आम्हा पोरांना बाहेर ओढलं. आता राहायचं कुठं? मोठ्या घरातही दोन खोल्या गळत होत्या. आणि नेमकी हीच वेळ होती अरबाबच्या कुटुंबाची दरसालची वाळवंटात मुक्कामाला जायची. पाऊस झाला की वाळवंटात हिरवळ उठते, सखल जागी तळी साठतात, आणि इथली माणसं तंबू घेऊन तिकडं धावतात. स्वयंपाकी म्हणून अब्बांना जाणं भागच होतं. अरबाब म्हणाला, बायकामुलांनाही घेऊन चल, एक तंबू तुम्हाला देतो. दगडापेक्षा वीट मऊ. फुफीनं कपाळावर हात मारला. "वीस दिसांची बालंतीण माळावर नेतो? तुज्या डोक्यावरचं पण छप्पर कोसळलं काय?" अब्बा म्हणाले, "मंग इथं चिखलात ठेवू तिला?" फुफी पेटी बांधायला लागली. अब्बांनी पडलेल्या छपराचे चार चांगले वासे निवडले, अरबाबच्या गलबतावरचा काथ्या मागून आणला, आणि तंबूत न्यायला मांसाठी नवी बाज विणली. विणताना ते शीळ घालत होते, मला आठवतं.

दोन मालमोटारींतून आम्ही गेलो. बकऱ्या, भांडी, तंबूचे खांब, कोंबड्यांची खुराडी, आणि एका मोटारीच्या पुढच्या बाकावर गोधड्यांत गुंडाळलेली मां. आणि मग ते तळं दिसलं. अरब त्याला खब्रा म्हणतात. सखल जमिनीत साचलेलं पावसाचं पाणी, पण कुठून कुठवर! चहाच्या रंगाचं, वाऱ्यानं थरथरणारं, पलीकडचा काठ धूसर. अलीकडच्या काठाला कुणी कधीकाळी विहिरीजवळ लावलेली अथलची झाडं. सुरूसारखी बारीक पानं, वारा आला की सुरूसारखाच आवाज. दोन वर्षांत मी एवढी झाडं एका जागी पाहिली नव्हती. माझा सात वर्षांचा भाऊ हमीद मोटार थांबायच्या आधी उडी मारून धावला आणि कपड्यांसकट पाण्यात बसला. मांनं गोधडीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "खाडी हाय गो!" फुफीनं लगेच तिचं तोंड परत झाकलं, पण मांचे डोळे भरले होते. पहिले चार-पाच दिवस ऊन होतं. बायका हिरवळीतून फगा शोधायच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणारी बटाट्यासारखी एक अळंबी. अब्बा ती भातात शिजवायचे. मला ती मातकट लागायची, पण अब्बांपुढं बोटं चाटायचे. सुखाचे दिवस होते असं म्हटलं तर आता पाप वाटतं, पण होते.

अरबाबच्या घरचे तंबू बकरीच्या केसांचे, काळे, सैल विणीचे. त्यातून उजेड यायचा, ऊब राहायची आणि धूर जायचा. आमचा तंबू पांढऱ्या जाड कापडाचा होता, शहरातून विकत आणलेला. फुफीनं पहिल्याच दिवशी त्याभोवती फेरी मारली आणि जिथं जिथं कापड आणि जमीन यांत फट दिसली तिथं तिथं मला आणि हमीदला वाळू लोटायला लावलं. आम्हाला खेळच मिळाला. भातशेताचा बांध घालतात तसा आम्ही तंबूभोवती वाळूचा गुडघाभर बांध घातला, पाणी शिंपडून थापटला. फुफी शाबासकी देत होती. "मुंगी जाव नये अशी फट बुजवा." त्या दिवसांत दाराचा पडदा मात्र वर बांधलेला असे, उन्हाची ऊब आत यायला, आणि शेकाला वाळक्या फांद्यांचे चार निखारे पुरत. म्हणून काही झालं नाही. हे मला पुढं खूप वर्षांनी उमगलं. त्या वेळी कोणाला काय माहीत!

सहाव्या दिवशी सकाळी उठलो तो उत्तरेचा वारा सुटला होता. आभाळ खाली आलेलं, आणि पाऊस नव्हे पण चेहऱ्यावर टोचणारं तुषारांसारखं काहीतरी. तंबूचं कापड भिजून ताठ झालं होतं, त्यावर टिचकी मारली की डबडब वाजायचं. लाकडं ओली. अब्बांनी फुफीला कोळशाचं अर्धं पोतं दिलं आणि ते आपल्या कामाला गेले, कारण दुपारी अरबाबकडं पन्नासेक माणसं जेवायला यायची होती. फुफीनं मांला न्हाऊ घातलं, सकीनाला कुशीत देऊन बाजेवर निजवलं, शेगडीत कोळसा भरला, वर दोन निखारे ठेवून फुंकला आणि बाजेखाली सरकवली. गोधड्या सोडल्या. दाराचा पडदा खाली ओढून त्याच्या तळाशी दोन दगड ठेवले. "आज वाऱ्याला जागाच नाय ठेवायची," ती म्हणाली.

तेवढ्यात उम्म सालेम आली. उम्म सालेम म्हणजे अरबाबची म्हातारी आई. काळ्या बुरख्यात वाकून चालणारी, हनुवटीवर हिरवं गोंदण, हातात काठी. ती आमच्याकडं कधी यायची नाही. बाळाला बघायला आली असं म्हणाली, पण आत येताच तिनं नाक वर केलं आणि काठीनं गोधडी उचलून बाजेखाली पाहिलं. मग ती माझ्याकडं वळली. तिचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द येतं. "पोरी, आत्याला सांग. कोळसा आधी बाहेर पेटवायचा. सगळा लाल होईपर्यंत, काळं काही उरलं असेल तोवर आत आणायचा नाही. एक माणूस त्याच्याजवळ बसलं पाहिजे. आणि आत आणल्यावर तंबूची एक बाजू हातभर उघडी. हा तंबू आमच्यासारखा नाही. काळा कोळसा माणसाचा श्वास खातो." असं म्हणून तिनं काठीनं शेगडी दाखवली, पडदा दाखवला.

आणि त्याच वेळी बाहेरून हमीदची किंकाळी आली. आनंदाची. "जैनू! कोलंबी! तळ्यात कोलंबी हाय!"

आता हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आम्ही खाडीकाठची पोरं. दोन वर्षं ताजी कोळंबी आमच्या चुलीवर चढली नव्हती. वाळवंटाच्या मधोमध, पावसाच्या पाण्यात कोळंबी! (ती कोळंबी नव्हती. पावसाच्या पाण्यात उपजणारे नखाएवढे पारदर्शक जीव असतात, उलटे पोहतात, तळं आटलं की मरतात.) माझे पाय आपोआप दाराकडं वळले. आणि डोक्यात एकच गोष्ट आली. उम्म सालेमनं सांगितलेलं मी फुफीला सांगितलं तर कोळसा लाल होईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं कुणी? या वाऱ्यात, बाहेर, तासभर? मीच. दुसरं होतंच कोण? फुफी विचारत होती, "काय बोलते ती?" मी म्हटलं, "बोलते, पोर गोड हाय. नि तंबू गरम ठेवलाव, चांगलं केलंव."

फुफीनं माझ्याकडं पाहिलं. "एवढा वेळ बोलली नि एवढंच?"

"अरबीत लांब लागतं," मी म्हटलं.

"नि शेगडीकडं काठी कशाला दाखवीत होती?"

"तिला आवडली शेगडी."

फुफी खूष झाली. तिनं उम्म सालेमला हसून छातीवर हात ठेवून सलाम केला, आणि म्हातारीला वाटलं, आपलं म्हणणं पोहोचलं. तीही मान हलवून गेली. फुफी मांसाठी हळिवाची खीर करायला अब्बांच्या चुलाण्याकडं गेली. मी बाहेर पडले आणि पडद्यावर दोन्ही दगड परत नीट ठेवले. मागं वळून पाहिलं नाही.

तळ्यावर आम्ही किती वेळ होतो मला सांगता येणार नाही. हमीदच्या सदऱ्याची झोळी करून आम्ही ते जीव गाळले, एका डब्यात टाकले, त्यांना अब्बांच्या हातून तळून घ्यायचे बेत केले. बोटं थंडीनं जांभळी झाली होती. मग फुफीची हाक ऐकू आली. हाक नव्हे ती. मी तसा आवाज पुन्हा एकदाच ऐकला, माझा नवरा गेला तेव्हा, आणि तो माझ्याच तोंडून.

आम्ही पोहोचलो तेव्हा पडदा फाडून टाकलेला होता. मांला अब्बांनी बाहेर वाळूवर आडवं केलं होतं, तोंडातून फेस, डोळे अर्धे उघडे, पण छाती हलत होती. तिच्याजवळ, फुफीच्या मांडीवर सकीना. आणि सकीनाचे गाल गुलाबी होते. जन्मली तेव्हापासून पिवळटच होती ती, फुफी रोज म्हणायची, शेकानं रंग येईल. रंग आला होता. मला वाटलं, झोपलीय. मी तिच्या गालाला हात लावायला गेले तर फुफीनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. खिरीचं भांडं तिच्या पायाशी उपडं झालं होतं.

माणसं गोळा झाली. उम्म सालेम काठी टेकत आली. तिनं तंबूभोवतीचा आमचा वाळूचा बांध पाहिला, शेगडी पाहिली, तिच्यात अजून निम्मा कोळसा काळा होता, आणि ती अब्बांना म्हणाली, "मी सांगितलं होतं. तुझ्या मुलीपाशी सगळं सांगितलं होतं." कोळशाचं ते सगळं तिनं अब्बांना पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते डोळे नको होते. "जैनब," अब्बा म्हणाले, जैनू नव्हे, जैनब, "उम्म सालेमनं सांगितलेलं तू फुफीला सांगितलंस काय?"

माझ्या हातात तो डबा होता. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. खरं बोलले असते असं मला या वयात वाटून घ्यायला आवडेल, पण मी स्वतःला ओळखते. त्याआधी फुफी बोलली. मांडीवरच्या पोरीवरून नजर न उचलता.

"सांगितलं. हिनं सगलं सांगितलं मना. मीच ऐकलं नाय. मना वाटलं, अरबीण मना काय शिकवणार."

अब्बा उठले आणि पाणी तापवायला गेले, बाळाला अखेरचं न्हाऊ घालायला. त्या क्षणापासून महिनाभर ते आपल्या बहिणीशी बोलले नाहीत. अरबाबच्या माणसांनी झाडांमागच्या उंचवट्यावर कबर खणली, वीतभर रुंद. दुपारच्या नमाजानंतर नमाज-ए-जनाजा झाली. डोक्याकडं एक दगड, पायांकडं एक. ते दोन दगड शोधायला मी मुलाला गाडी काढायला लावली होती, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. डबा मी तळ्यात रिकामा केला. ते जीव पोहत निघून गेले, उलटेच.

मांला हलवता येईना म्हणून आणखी तीन दिवस आम्ही तिथंच होतो. ती वाचली. पण बोलता बोलता शब्द विसरायची, भाकरी थापता थापता थांबायची. डोकं कायम धरलेलं. नवी खोली मिळाली तेव्हा तिचं दार तिनं कडाक्याच्या थंडीतही कधी पूर्ण लावू दिलं नाही, वीतभर फट हवीच. तिनं फुफीला एका शब्दानं दोष दिला नाही. मलाही कधी काही विचारलं नाही. महिन्याभरानं फुफी परत गेली. धक्क्यावर आम्ही सोडायला गेलो होतो. शिडीवर चढताना ती वळली आणि अब्बांना काहीतरी विचारू लागली. अब्बा बोलू लागले, हळूहळू, बोटं मोजत, बराच वेळ. मला वाटलं, मिटलं. बोलून झाल्यावर अब्बांनी वळून माझ्याकडं पाहिलं, नंतर खाली पाण्याकडं. फुफी पेटी छातीशी धरून वर चढून गेली.

गावात बातमी तिच्याआधी पोहोचली होती. अशा बातमीला आगबोट लागत नाही. आयशाबीनं आपल्याच भावाचं पोर शेकून मारलं. पुन्हा कुणी तिला बाळंतपणाला बोलावलं नाही. लग्नघरात पाट नाही, उलट बाळंतिणीच्या घरावरून ती जाऊ लागली की दारं लागायची. ती जाळी विणून, सुकी मासळी निवडून पोट भरू लागली. अब्बा तिला पत्र लिहीत नसत, पण दर वर्षी गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी तिच्यासाठी जाड लोकरीची एक शाल पाठवत. न चुकता. मला वाटायचं, रागावलेल्या भावाचं कर्तव्य. माझी चूक माझ्या पोटात होती, आणि पोटातलं कुणाला दिसत नाही, या भरवशावर मी मोठी झाले.

लग्न होऊन मी गावाकडंच नांदायला गेले. पहिलं बाळंतपण आलं तेव्हा मी सासूला म्हटलं, आयशा फुफीला बोलवा. सासूनं कानांवर हात ठेवले. मी अन्न सोडलं. तीन दिवसांनी फुफी आली. वाळलेली, केस पांढरे, अंगावर अब्बांनी पाठवलेली शाल. मुलगा झाला, सुखरूप. दुसऱ्या दिवशी न्हाणं झाल्यावर मी बाजेवर पडले आणि वाट बघत राहिले, ती शेगडी घेऊन आत येण्याची. ती आली नाही. मी दारातून पाहिलं. अंगणात, पौषाच्या गार वाऱ्यात, ती शेगडीपाशी उकिडवी बसली होती, आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या तिनं सताड उघडल्या होत्या.

"फुफी, आत आणा ना," मी म्हटलं.

"अजून काळं हाय," ती म्हणाली. "सगलं लाल होव दे. माणूस बसलं पायजे बाजूला. आत नेल्यावर एक बाजू हातभर उघडी. काळा कोळसा श्वास खातो."

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. फुफीला तर नाहीच नाही. तिनं विस्तव सारखा केला.

"बोटीवर चढताना तुज्या बापसाला इचारलं मी. मी बोलले, त्या बाईनं काय सांगितलेलं ते सबूद न सबूद सांग, मना काय कोणी सांगितलं नाय." विस्तवावर फुंकर घालून ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीला तरी उपयोगाला येल, म्हणून इचारलं. मंग कोण बोलवीना."

म्हणजे अब्बांनाही तेव्हापासून माहीत होतं. धक्क्यावरची ती नजर, दर वर्षीची ती शाल. आणि पुढं मरेपर्यंत त्यांनी मला जैनूच म्हटलं.

मी बाळाला बाजेवर ठेवलं, उठले, आणि भिंत धरत धरत अंगणात आले. दुसऱ्या दिवसाची बाळंतीण, उघड्या डोक्यानं, उत्तरेच्या वाऱ्यात. वारा लागेल, असं फुफी म्हणाली नाही. तिनं शाल सोडली आणि अर्धी माझ्या अंगावर टाकली. शेगडीत कडेचा एक कोळसा अजून काळा होता. तो लाल होईपर्यंत आम्ही दोघी तिथं बसून राहिलो.